एक्सप्लेनर : गोऱ्यांच्या घोळक्यात आपण एकटेच! अवघडलेपण का येतं आणि मोकळं कसं व्हायचं?

परदेशात शिकायला, नोकरीला गेलेल्यांना भाषा येते, कामही येतं. पण लंच टेबलवर, पार्टीत, मीटिंगनंतरच्या गप्पांत तोंडातून शब्द फुटत नाही. यात आपला बुजरेपणा किती, समोरच्याचा भेदभाव किती आणि यावर करायचं काय? समजून घेऊ.

शनिवारची पहाट, साडेचार वाजलेले. डेस्कवर माझी नाईट शिफ्ट सुरू होती. फोन व्हायब्रेट झाला. इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलमधला माझा रूममेट. तो अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या एका छोट्या शहरात असतो. तिकडे शुक्रवारची संध्याकाळ होती.

"कुठेयस?"
"ऑफिसच्या पार्टीत."
"मग फोन कसा काय केलास?"
"वॉशरूममध्ये आलोय. चौथ्यांदा."

बावीस जणांच्या टीममध्ये तो एकटाच भारतीय आणि एकटाच गोरा नसलेला. हातात कोकचा ग्लास घेऊन तासभर भिंतीला टेकून उभा होता. तीन-तीन, चार-चार जणांचे घोळके आणि त्यांच्या फुटबॉलच्या गप्पा. ज्यात पाय फार क्वचित लागतो, तो त्यांचा फुटबॉल! कॉलेजात हाच पोरगा गॅदरिंगचं सूत्रसंचालन करायचा. मेसच्या मावशींपासून प्रिन्सिपॉलपर्यंत सगळ्यांशी त्याचं जमायचं.

मी विचारलं, "कुणी काही बोललं का तुला?"

"नाही रे. कुणीच काही बोललं नाही. तेच तर."

त्याच आठवड्यात त्याला टीम लीड होण्याबद्दल विचारणा झाली होती आणि तो नकार द्यायच्या बेतात होता. काम जमणार नाही म्हणून नाही, तर लीडला रोज सगळ्यांशी बोलावं लागतं म्हणून.

त्या कॉलनंतर मी या विषयावरचं संशोधन वाचायला घेतलं. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतोय. कारण असा एखादा भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी किंवा मित्र आज आपल्यापैकी अनेकांच्या घरात आहे.

हा प्रश्न इतक्या जणांचा आहे का?

हो. २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात अमेरिकेत ३ लाख ३१ हजारांहून अधिक भारतीय विद्यार्थी होते. त्या वर्षी भारताने चीनला मागे टाकून पहिला क्रमांक घेतला. जर्मनीतही २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात सुमारे ४९ हजार भारतीय विद्यार्थी होते. तिथल्या परदेशी विद्यार्थ्यांत सर्वांत मोठा गट आता आपलाच आहे.

पण सगळ्यांच्या वाट्याला सारखं शहर येत नाही. न्यू जर्सीतल्या एडिसनला किंवा कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला गेलेल्याला किराणा दुकानात कोथिंबीर मिळते, शेजारी मराठी ऐकू येतं. मेन किंवा व्हर्माँट राज्यात गेलेल्याचं तसं नाही. २०२० च्या जनगणनेनुसार तिथे दर दहा माणसांत जवळपास नऊ गोरे. एकाच देशात गेलेल्या दोन मित्रांचे अनुभव इतके वेगळे का असतात, याचं एक कारण हे आहे.

'व्हाइट स्पेस' म्हणजे नेमकं काय?

येल विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ एलायजा अँडरसन यांनी २०१५ मध्ये याच नावाचा एक निबंध लिहिला. त्यांचा विषय होता अमेरिकेतले कृष्णवर्णीय. वस्त्या, शाळा, ऑफिसं, रेस्टॉरंट अशा अनेक जागा तिथे आजही प्रामुख्याने गोऱ्यांच्या आहेत. गोरा माणूस त्या जागेत शिरताना विचारही करत नाही. कृष्णवर्णीय माणसाला मात्र 'मी इथला आहे' हे आधी सिद्ध करावं लागतं, असं त्यांचं म्हणणं.

कृष्णवर्णीय अमेरिकनांचा इतिहास गुलामगिरीचा आहे. व्हिसा घेऊन गेलेल्या भारतीय इंजिनिअरचा तो नाही. दोघांचं दुःख एकाच मापाने मोजता येणार नाही. पण 'या खोलीत मी एकटाच वेगळा' ही जाणीव शरीराला आणि मनाला काय करते, याचा अभ्यास मुख्यतः त्यांच्या अनुभवातून झाला. तो आपल्याही कामाला येतो.

दुसरा मुद्दा निव्वळ आकड्याचा. रोझाबेथ मॉस कँटर यांनी १९७७ मध्ये एका मोठ्या अमेरिकी कंपनीतल्या मोजक्या महिला कर्मचाऱ्यांचा अभ्यास पुस्तकरूपाने मांडला. एखाद्या गटाचं प्रमाण साधारण १५ टक्क्यांच्या आत असेल, तर तीन गोष्टी होतात :

• त्या व्यक्तीकडे सगळ्यांचं लक्ष जास्त जातं. चूक झाली तर ती लगेच दिसते.
• बाकीचे लोक नकळत आपलं आपसातलं साम्य आणि तिचं वेगळेपण ठळक करतात.
• ती एक माणूस न राहता तिच्या गटाची 'प्रतिनिधी' होते.

रूममेटच्या टीममध्ये हे प्रमाण २२ पैकी १. म्हणजे पाच टक्केसुद्धा नाही. भारतातल्या निवडणुकांपासून बटर चिकनपर्यंत प्रत्येक विषयात मान त्याच्याकडे वळते. त्यात कुणाचा वाईट हेतू नसतो. पण सव्वाशे कोटींहून जास्त लोकांचा प्रवक्ता होऊन जेवणं थकवणारं असतं.

मनात काय चालतं?

मोबाइलची बॅटरी काही न करता उतरत असेल, तर आपण बॅकग्राउंडला कोणतं ॲप चालू आहे ते बघतो. इथेही असंच एक ॲप चालू असतं. माझा उच्चार कळला का, मी जास्त मोठ्याने बोललो का, डब्याचा वास येतोय का, हा जोक मला उद्देशून होता का? कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी १९०३ मध्येच याला नाव दिलं होतं : दुहेरी जाणीव. स्वतःकडे स्वतःच्या डोळ्यांनी आणि त्याच वेळी दुसऱ्याच्याही डोळ्यांनी बघत राहायचं.

पण दुसऱ्याचे हे डोळे आपण अनेकदा मनानेच रंगवतो. तीन प्रयोग बघा.

पहिला प्रयोग कॉर्नेल विद्यापीठातला, २००० मध्ये प्रसिद्ध झालेला. विद्यार्थ्यांना एका गायकाचा फोटो असलेला, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून इतर विद्यार्थ्यांच्या खोलीत पाठवलं. 'निम्म्या तरी लोकांनी टी-शर्ट पाहिला असेल,' असं त्यांना वाटलं. प्रत्यक्षात साधारण पाव लोकांच्याच तो लक्षात आला.

दुसरा २०१८ मधला. अनोळखी लोकांना जोडीने गप्पा मारायला बसवलं. नंतर विचारलं, समोरचा तुम्हाला किती आवडला आणि त्याला तुम्ही किती आवडला असाल? बहुतेकांचा अंदाज कमी निघाला. ते समोरच्याला त्यांना वाटलं त्यापेक्षा जास्त आवडले होते. संशोधक याला 'लायकिंग गॅप' म्हणतात. ही दरी गोऱ्या-काळ्यांपुरती नाही, सगळ्यांचीच आहे. म्हणजे घोळक्यात हसणारा तो गोरा सहकारीही घरी जाऊन 'मी जरा जास्तच बोललो का,' असा विचार करत असण्याची शक्यता बरीच.

तिसरा १९८० मधला, डार्टमथ कॉलेजचा. सहभागी व्यक्तींच्या चेहऱ्यावर मेकअपने मोठा व्रण काढला, आरशात दाखवला. मग 'क्रीम लावून पक्का करतो' म्हणत त्यांच्या नकळत तो पुसून टाकला. चेहरा कोरा, पण त्यांना माहीत नाही. अनोळखी माणसाशी बोलून आल्यावर त्यांनी सांगितलं, समोरचा अवघडला होता, माझ्याशी वेगळा वागत होता.

म्हणजे सगळे मनाचेच खेळ?

अजिबात नाही. व्रणाचा प्रयोग सांगून 'भेदभाव वगैरे काही नसतो, तुम्हीच मनावर घेता,' असं म्हणणारे खूप भेटतात. त्यांच्यासाठी हे दुसरे प्रयोग.

२००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बॉस्टन आणि शिकागोतल्या कंपन्यांना सुमारे पाच हजार बायोडेटा पाठवले गेले. पात्रता सारखी, नावं वेगळी. गोरी वाटणारी नावं असलेल्यांना कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावांपेक्षा ५० टक्के जास्त कॉल आले. २०१६ मधल्या दुसऱ्या अभ्यासात आशियाई उमेदवारांचे बायोडेटा होते. नाव आणि अनुभव यातल्या आशियाई खुणा तशाच ठेवल्या, तेव्हा ११.५ टक्के बायोडेटांना प्रतिसाद आला. त्या खुणा पुसल्या, तेव्हा २१ टक्क्यांना.

रोजच्या जगण्यातली उदाहरणं त्याहून लहान असतात. 'तुझं इंग्लिश किती छान आहे!' 'नाही, पण मूळचा कुठला?' दोन भारतीयांची नावं कायम एकमेकांना लावणं. हार्वर्डचे मानसोपचारतज्ज्ञ चेस्टर पिअर्स यांनी १९७० मध्ये अशा बारीक ओरखड्यांसाठी 'मायक्रोअ‍ॅग्रेशन' हा शब्द आणला. एका ओरखड्याने काही होत नाही. रोज त्याच जागी लागला की दुखतं.

कधी ओरखड्याचं भांडण होतं. २०२३ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर कॅम्पसमध्ये एका भारतीय पीएचडी विद्यार्थ्याला विभागाच्या मायक्रोवेव्हमध्ये पालक पनीर गरम करण्यावरून हटकलं गेलं. प्रकरण कोर्टात गेलं आणि शेवटी दोन लाख डॉलरच्या तडजोडीवर मिटलं. विद्यापीठाने आरोप मान्य केले नाहीत.

खरा त्रास या दोन टोकांच्या मधल्या जागेत आहे. लंचला कुणी बोलावलं नाही. ते विसरले, की टाळलं? याचं उत्तर मिळत नाही आणि डोकं तेच चघळत राहतं. मानसशास्त्रात या अनिश्चिततेचा स्वतंत्र अभ्यास झालाय. गोऱ्या सहकाऱ्याला बोलावलं नाही, तर त्याच्याकडे कारणांची यादी छोटी असते. आपल्या यादीत एक कारण जास्त असतं.

व्हिसामुळे ही यादी आणखी जड होते. एच-वन-बी व्हिसावर असलेल्याची नोकरी गेली, तर त्याला साधारण ६० दिवसांत नवी नोकरी किंवा दुसरा मार्ग शोधावा लागतो, नाहीतर देश सोडावा लागतो. 'खटकलं तर तोंडावर सांगून टाक,' असं इथे बसून सांगणं सोपं आहे. ज्याचं घरभाडं आणि एज्युकेशन लोनचा हप्ता त्या नोकरीवर आहे, तो दहा वेळा विचार करणारच.

गप्पा मारायला जमत का नाही?

यातला मोठा भाग रंगाचा नाही, रीतीचा आहे आणि तो शिकता येतो.

कॉम्प्युटर नेटवर्कच्या पेपरात 'थ्री-वे हँडशेक' असायचा. दोन मशिन्स खरी माहिती पाठवण्याआधी एकमेकांना तीन छोटे संदेश पाठवतात. त्यात माहिती काहीच नसते. लाइन चालू आहे ना, एवढंच तपासायचं असतं. हवापाण्याच्या गप्पा म्हणजे तोच हँडशेक. आपण त्यात माहिती शोधतो आणि फसतो.

• अमेरिका : 'हाऊ आर यू' हा प्रश्न नाही, नमस्कार आहे. 'गुड, यू?' एवढंच उत्तर. 'वी शुड गेट टुगेदर समटाइम' हे आमंत्रण नाही. तारीख आणि वेळ सांगितली, तरच आमंत्रण. रूममेटने सुरुवातीला अशा तीन 'आमंत्रणां'ची महिनाभर वाट पाहिली होती.
• ब्रिटन : 'यू ऑल राइट?' म्हणजे तुम्ही आजारी दिसताय असं नाही, तोही नमस्कारच. पबमध्ये एक जण सगळ्यांचं ड्रिंक आणतो, मग पुढचा. दारू पीत नसाल तरी आपली पाळी घ्यायची. दुसऱ्यांच्या पैशांचं पिऊन आपली पाळी यायच्या आत निघून जाणं फार वाईट दिसतं.
• जर्मनी : तिथे अनोळखी माणसाशी हसून बोलायची सवय कमी. शांत चेहरा म्हणजे राग नव्हे. ऑफिसात वाढदिवसाचा केक ज्याचा वाढदिवस त्यानेच न्यायचा असतो. कुणी आणला नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका. आणि तारखेच्या आधी शुभेच्छा देऊ नका, तो अपशकुन समजतात.

नाव बदलायचं का?

'सिद्धेश'चा 'सिड', 'आनंद'चा 'अँडी' होतो. कुणी खुशीने करतं, कुणी कंटाळून. बायोडेटाचे आकडे पाहता बदलणाऱ्याला दोष देता येत नाही. पण दुसरं उदाहरणही आपल्याच मातीतलं आहे. लिओ वराडकर यांचे वडील मुंबईचे डॉक्टर, मूळ गाव सिंधुदुर्गातलं वराड. हे मालवणी आडनाव घेऊन लिओ २०१७ मध्ये आयर्लंडचे पंतप्रधान झाले. उच्चार शिकण्याचं काम त्या देशाने केलं. २०१९ च्या अखेरीस ते वराडला येऊनही गेले.

समोरच्याला सोपं जावं म्हणून आपण किती वळायचं, या प्रश्नावर एक किस्सा प्रसिद्ध आहे. ब्रेंट स्टेपल्स हे कृष्णवर्णीय पत्रकार शिकागोत शिकत होते. रात्री रस्त्यावर त्यांना पाहून गोरी माणसं घाबरायची, रस्ता बदलायची. मग त्यांनी चालताना विवाल्डीचं संगीत शिट्टीवर वाजवायला सुरुवात केली. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत येणारा माणूस गुंड कसा असेल? लोक निवांत झाले. मानसशास्त्रज्ञ क्लॉड स्टील यांनी २०१० मधल्या आपल्या पुस्तकाच्या नावातच ही शिट्टी घेतली.

युक्ती चालली. पण भीती दुसऱ्याची आणि ती घालवण्याची मेहनत यांची. म्हणून नावाच्या बाबतीत सरसकट नियम नाही. स्वतःला एवढंच विचारा : हे मी सोयीसाठी करतोय की लाजेपोटी? सोयीसाठी असेल तर बिनधास्त करा. नाव तसंच ठेवायचं असेल, तर पहिल्याच भेटीत हसत उच्चार सांगा. सहा महिने चुकीचं ऐकून घेतल्यावर सुधारणं दोघांनाही जड जातं.

आपल्याच माणसांत राहिलं तर काय बिघडलं?

'गेलेत परदेशात आणि राहतात मराठी मंडळातच,' हा टोमणा जुना आहे. अमेरिकेतल्या शाळांबद्दलही असाच प्रश्न विचारला जायचा. कॅफेटेरियात कृष्णवर्णीय मुलं एकत्र का बसतात? मानसशास्त्रज्ञ बेव्हर्ली डॅनिएल टेटम यांनी १९९७ मध्ये या प्रश्नावर अख्खं पुस्तक लिहिलं. मुलं एकत्र बसतात, कारण तिथे त्यांना काही समजावून सांगावं लागत नाही. ते बॅकग्राउंडचं ॲप तासभर बंद राहतं.

लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, उत्तर अमेरिकेतलं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून. गणपतीला, दिवाळीला शंभर मैल गाडी चालवत लोक जातात ते फक्त मोदकांसाठी नाही. तिथे ताकद गोळा करून सोमवारी ऑफिसला जायचं असतं. अडचण फक्त एकच. आठवड्याचे सातही दिवस मंडळच असेल, तर ऑफिसची खोली कधीच ओळखीची होत नाही.

आनंदीबाईंनी काय केलं होतं?

१८८३ मध्ये आनंदीबाई जोशी अमेरिकेला पोहोचल्या तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. बरोबर घरचं कुणीही नव्हतं. साडी, कुंकू, शाकाहार आणि फिलाडेल्फियाची थंडी. त्यांच्यासाठी मंडळ नव्हतं, व्हिडिओ कॉल नव्हता.

त्यांच्याकडे एक माणूस मात्र होता. न्यू जर्सीतल्या रोझेलच्या श्रीमती कार्पेंटर. दाताच्या डॉक्टरकडे बसलेल्या असताना त्यांनी एका मासिकात गोपाळरावांचं पत्र वाचलं आणि स्वतःहून पत्रव्यवहार सुरू केला. आनंदीबाई बोटीत बसण्याआधीच दोघींमध्ये मावशी-भाचीचं नातं जुळलं होतं. अमेरिकेत उतरल्यावर आधी त्या कार्पेंटरांच्याच घरी राहिल्या.

१८८५ चा त्यांचा एक फोटो तुम्ही पाहिला असेल. साडीतल्या आनंदीबाई, शेजारी किमोनोतल्या जपानच्या केई ओकामी आणि सीरियन पोशाखातल्या सबात इस्लामबुली. गोऱ्या मुलींच्या कॉलेजात तिघी वेगळ्या देशांच्या.

१८८६ मध्ये आनंदीबाई डॉक्टर झाल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात गेल्या. त्यांच्या अस्थी श्रीमती कार्पेंटर यांच्याकडे पाठवल्या गेल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सीत, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्या आजही आहेत. सगळ्या अमेरिकेने नाही, पण एका घराने त्यांना आपलं म्हटलं होतं.

मग उपयोगी काय पडतं?

आधी एक मोठा अभ्यास. ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन यांनी २०११ मध्ये तो 'सायन्स'मध्ये प्रसिद्ध केला. कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना सीनियर्सचे अनुभव वाचायला दिले : सुरुवातीला सगळ्यांनाच परकं वाटतं, हळूहळू ते कमी होतं. मग प्रत्येकाने स्वतःच्या अनुभवावर लिहायचं. सगळं मिळून साधारण तासाभराचं काम. पुढच्या तीन वर्षांत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे मार्क वाढले आणि गोऱ्यांशी असलेलं अंतर निम्म्यावर आलं. 'मला परकं वाटतंय, म्हणजे मी इथला नाही,' हा निष्कर्ष त्यांनी काढणं थांबवलं होतं.

पण २०२३ मध्ये २२ संस्थांमधल्या जवळपास २७ हजार विद्यार्थ्यांवर हाच प्रयोग झाला, तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. जिथे संस्थेत आपलेपणाला खरोखर जागा होती, तिथेच तो चालला. जमीनच खडकाळ असेल, तर बियाणं बदलून उपयोग नाही. त्यामुळे खालचं सगळं करूनही जमलं नाही, तर दोष तुमचाच असं समजू नका.

१. घोळका नको, एक माणूस शोधा. पाच जणांच्या गप्पांत शिरणं अवघड असतं, एकाशी कॉफी प्यायला सोपं. पुढच्या पार्टीत तोच तुम्हाला घोळक्यात ओढतो.

२. लवकर पोहोचा. पहिल्या दहा मिनिटांत माणसं कमी असतात, घोळके झालेले नसतात. खुर्च्या लावायला, प्लेट मांडायला हात लावा. हातात काम असलं की अवघडलेपण निम्मं होतं.

३. पुन्हा-पुन्हा दिसा. पिट्सबर्ग विद्यापीठात १९९२ मध्ये चार तरुणींना एका वर्गात अनुक्रमे ०, ५, १० आणि १५ वेळा नुसतं बसायला पाठवलं. कुणाशी बोलायचं नाही. सत्राच्या शेवटी जी जास्त वेळा दिसली, ती विद्यार्थ्यांना जास्त आवडली. म्हणून एकदाच्या मोठ्या पार्टीपेक्षा दर आठवड्याचा रनिंग ग्रुप, बोर्ड गेम, लायब्ररीतलं स्वयंसेवकाचं काम किंवा जर्मनीतला 'फेराइन' म्हणजे क्लब जास्त कामाचा.

४. कळलं नाही तर विचारा. 'मला तुमचा फुटबॉल कळत नाही, दोन मिनिटांत समजावशील?' हे वाक्य म्हणजे कमीपणा नाही. बहुतेक माणसांना समजावून सांगायला आवडतं.

५. नकाराला कारण जोडू नका. बीफ खात नसाल, दारू घेत नसाल, तर 'नो, थँक्स' पुरेसं आहे. सोडा-लिंबू घेऊन उभे राहा. स्पष्टीकरण द्यायला लागलो की तोच विषय होतो.

६. निघायची वेळ आधीच ठरवा. 'पाऊण तास थांबणार, तीन जणांशी बोलणार,' एवढंच ध्येय ठेवा. मग निघा, वाईट वाटून न घेता.

खटकलं तर गप्प बसायचं का?

एखादा शब्द चुकून निघाला असेल, तर 'म्हणजे काय म्हणायचंय तुला?' हा शांत प्रश्न बऱ्याचदा पुरतो. तेच वारंवार होत असेल तर तारीख, वेळ, शब्द आणि हजर असलेल्यांची नावं लिहून ठेवायला लागा. बढती, पगार किंवा कामावर परिणाम होत असेल, तर कायदा आहे :

• अमेरिका : १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानुसार १५ किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीत वंश, रंग, धर्म, मूळ देश यावरून भेदभाव करता येत नाही. संघीय आयोगाकडे १८० दिवसांत, अनेक राज्यांत ३०० दिवसांत तक्रार करावी लागते.
• ब्रिटन : २०१० चा इक्वॅलिटी ॲक्ट.
• जर्मनी : २००६ चा समान वागणूक कायदा. नुकसानभरपाईचा दावा साधारण दोन महिन्यांत करायचा असतो.

व्हिसावर असणाऱ्यालाही हे संरक्षण आहे. तरीही पाऊल उचलण्याआधी वकिलाशी बोला.

आणि आपल्या खोलीत एकटं कोण असतं?

हे लिहिताना एक गोष्ट सतत आठवत होती. आमच्या हॉस्टेलमध्ये नागालँडचा एक मुलगा होता. अख्ख्या मजल्यावर तो एकटाच. 'तू नेपाळचा का?' हा प्रश्न त्याला वॉचमनपासून प्राध्यापकांपर्यंत सगळ्यांनी विचारला. मीसुद्धा. मेसमध्ये आम्ही मराठीत हसायचो आणि तो ताटात बघत जेवायचा. त्याला कुणीच काही वाईट बोललं नाही. कुणी काही बोललंच नाही. तेव्हा ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. माझ्या रूममेटच्याही नाही. तिकडच्या ऑफिसातले ते एकवीस जणही कदाचित तसेच असतील.

घरच्यांनी काय करावं?

मुलगा किंवा मुलगी परदेशात असेल, तर आपला फोन 'जेवलास का'ने सुरू होतो आणि 'थंडी आहे का'वर संपतो. मुलंही 'सगळं मस्त' म्हणून ठेवून देतात. एवढा खर्च करून पाठवलंय, मग एकटं वाटतं हे सांगायचं कसं? 'आज कुणाशी गप्पा झाल्या?' हा एक प्रश्न त्यात वाढवा. उत्तर 'कुणाशीच नाही' आलं, तर लगेच उपदेश किंवा 'परत ये' नको. नुसतं ऐकून घ्या. झोप उडालीय, भूक मेलीय, कामावर जावंसंच वाटत नाही, असं काही आठवडे चाललं असेल, तर विद्यापीठाच्या किंवा कंपनीच्या समुपदेशकाकडे जायला सांगा. अनेक ठिकाणी ही सेवा मोफत असते.

रूममेटने लीडचा निर्णय दोन आठवडे लांबवला. मधल्या काळात टीममधल्या एका पन्नाशीच्या सहकाऱ्याने त्याला गोठलेल्या तळ्यावर मासेमारीला नेलं. बर्फाला भोक पाडून चार तास बसायचं. मासा एकही मिळाला नाही आणि बोलणंही फारसं झालं नाही. "पण पहिल्यांदाच गप्प बसायचं टेन्शन आलं नाही," असं तो म्हणाला.

लीडचं पद त्याने घेतलं. पार्टीत अजूनही पाऊण तासच थांबतो. शनिवारी पहाटेचा फोन मात्र आता पार्किंगमधून, गाडीत बसल्यावर येतो.